दोन नायिका, एक चहाघर : ‘द गेइशा’ या संगीतिकेचं प्रकरण

१८९५ साल उजाडलं तेव्हा लंडनचा नाट्यव्यवस्थापक जॉर्ज एडवर्ड्स याच्या पदरी दोन नायिका होत्या आणि हातातलं नाटक एकीपुरतंच होतं. पहिली मेरी टेम्पेस्ट. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मॅन्युएल गार्सियासारख्या नामांकित गुरूकडे गळा तयार केलेली, अमेरिकेत काही वर्षं गाजवून नुकतीच परतलेली. दुसरी लेटी लिंड. हिचा आवाज बेताचाच, पण घोळदार स्कर्टच्या लाटा उठवत नाचायला लागली की थिएटर तिच्याकडेच बघत राही. एकीला लोक ऐकायला येत, दुसरीला बघायला. दोघींचे पगार चालू होते आणि दोघींपैकी कुणीही दुय्यम भूमिका घेणाऱ्यातली नव्हती.

या अडचणीतून पुढच्या वर्षी जे बाहेर आलं, ते म्हणजे ‘द गेइशा’. गेइशा म्हणजे जपानमधली गाऊन-नाचून मनोरंजन करणारी कलावंत स्त्री. २५ एप्रिल १८९६ रोजी लेस्टर स्क्वेअरजवळच्या डेलीज् थिएटरात तिचा पहिला प्रयोग झाला आणि मे १८९८ पर्यंत तिथेच ७६० प्रयोग झाले. तोपर्यंतच्या इंग्रजी संगीत रंगभूमीवर एकाच मुक्कामात यापेक्षा जास्त प्रयोग फक्त ‘डॉरथी’चे झाले होते, ९३१. गिल्बर्ट आणि सलिव्हन या लेखक-संगीतकार जोडीची ‘द मिकाडो’ ६७२ वर थांबली होती. इतकी चाललेली, न्यूयॉर्क, बर्लिन, व्हिएन्नापासून रशियातल्या आडगावांपर्यंत पोचलेली संगीतिका आज व्यावसायिक रंगभूमीवर जवळपास दिसत नाही. ती चालली कशी आणि मग गेली कुठे, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. माझ्या मते दोन्हींचं उत्तर तिच्या बांधणीत आहे. ही संगीतिका आधी लिहून मग तिच्यासाठी नट शोधले, असं झालंच नाही. हाताशी असलेल्या माणसांच्या मापानं ती शिवली गेली.

एडवर्ड्सनं आधी काय गमावलं होतं

‘डॉरथी’चा उल्लेख आलाच आहे, तर तिची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण एडवर्ड्सचा पुढचा सगळा व्यवहार तिथूनच समजतो. ‘डॉरथी’ १८८६ मध्ये त्याच्याच गेटी थिएटरात लागली होती. सुरुवातीला म्हणावी तशी उठली नाही. एडवर्ड्सनं ती हेन्री लेस्ली नावाच्या त्याच्या ओळखीच्या हिशेबनीसाला विकून टाकली. लेस्लीनं ती दुसऱ्या थिएटरात हलवली, नायिका बदलून मेरी टेम्पेस्टला आणलं आणि हेडन कॉफिन या देखण्या गायकासाठी ‘क्वीन ऑफ माय हार्ट’ हे गाणं मध्ये घातलं. कथेत त्या गाण्यावाचून काही अडत नव्हतं. पण त्या एका गाण्यानं लंडन वेडं झालं. नफा इतका झाला की लेस्लीनं त्यातून लिरिक थिएटर बांधलं आणि १८८८ च्या डिसेंबरात ‘डॉरथी’ तिथे नेऊन ठेवली.

टाकून दिलेला माल दुसऱ्यानं सोन्याच्या भावानं विकताना बघणं कुणाही व्यावसायिकाला जन्मभर पुरतं. एडवर्ड्सनं त्यातून दोन गोष्टी पक्क्या धरल्या असाव्यात, कारण पुढे तो त्याच करत राहिला. एक, पडेल वाटणारं नाटक लगेच सोडायचं नाही. त्यात माणसं आणि गाणी बदलत राहायचं. दोन, प्रेक्षक कथेसाठी जेवढा येतो त्याहून जास्त माणसासाठी येतो. म्हणून लेस्लीला पैसा मिळवून देणारे ते दोघे, टेम्पेस्ट आणि कॉफिन, काही वर्षांनी एडवर्ड्सच्याच पगारपत्रकावर होते.

आपल्याकडे संगीत नाटक म्हटलं की १८८० मध्ये किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हापासूनची परंपरा डोळ्यांपुढे येते. त्याच दोन दशकांत लंडनमध्ये ‘म्युझिकल कॉमेडी’ म्हणून जे आकाराला आलं ते वेगळं होतं. पुराणकथा नाही, इतिहास नाही; आजच्या काळातली माणसं, आजचे कपडे, दुकानातल्या मुली, सरदारांची पोरं, चुरचुरीत संवाद आणि मध्येमध्ये गाणी. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या सॅव्हॉय थिएटरातल्या संगीतिकांइतकी घट्ट वीण नाही आणि जुन्या बर्लेस्कइतका, म्हणजे टवाळ विडंबननाट्याइतका, सैल धिंगाणाही नाही. एडवर्ड्सनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सॅव्हॉयच्या कारभारात काम केलेलं होतं. घट्ट विणीचं नाटक कसं असतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. तरी त्यानं मुद्दाम सैल विणीचा रस्ता धरला. १८९३ च्या ‘अ गेटी गर्ल’नं ४१३ आणि १८९४ च्या ‘द शॉप गर्ल’नं ५४६ प्रयोग करून त्याचा अंदाज बरोबर ठरवला.

‘अ गेटी गर्ल’ ज्या तिघांनी केली, तीच मंडळी पुढे ‘द गेइशा’ची. संहिता ओवेन हॉलची. हे टोपणनाव, खरं नाव जेम्स डेव्हिस, डब्लिनचा, आधी सॉलिसिटर, मग पत्रकार. उच्चभ्रू समाजाची टर उडवणारे तिरकस संवाद हा त्याचा हातखंडा. गीतं हॅरी ग्रीनबँकची. हा तरुण कायम आजारी. १८९९ मध्ये तेहतिसाव्या वर्षीच गेला. संगीत सिडनी जोन्सचं. जोन्सचे वडील बँडमास्टर, तो स्वतः क्लॅरिनेट वाजवत मोठा झालेला आणि फिरत्या मंडळ्यांचा वाद्यवृंद चालवून तयार झालेला. गावोगावच्या थिएटरात पाचपंचवीस वादकांवर काय निभावतं आणि काय फसतं, हे त्याला अनुभवानं कळत होतं. जोन्सच्या या बाजूकडे फारसं कुणी बघत नाही, पण पुढे ‘द गेइशा’ जी जगभर फिरली त्यात तिचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

ठिगळ आणि नवं कापड

दोन नायिकांच्या अडचणीवर पहिला उपाय झाला तो ‘ॲन आर्टिस्ट्स मॉडेल’मध्ये, फेब्रुवारी १८९५ मध्ये. हॉलचं लिखाण बहुतेक पुरं होत आलं असताना टेम्पेस्ट हाती लागली. तिला रिकामं बसवणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्यासाठी भूमिका वरून जोडली गेली. लेटी लिंडची हलकीफुलकी गोष्ट एका बाजूला, टेम्पेस्ट आणि कॉफिनची भावनाप्रधान प्रेमकथा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध जेमतेम. नाटक ३९२ प्रयोग चाललं, पण जोड दिसत होता. मात्र प्रयोग करता करता एक गोष्ट ध्यानात आली. गेटी थिएटर हे हलक्याफुलक्या मौजेचं ठिकाण. डेलीज्‌ला येणाऱ्या माणसाला थोडं डोळे ओलावणारं गाणंही हवं होतं, चांगला गळा हवा होता. दोन नायिका ही अडचण नव्हती. दोघींना एका गोष्टीत बसवणं तेवढं राहिलं होतं.

‘द गेइशा’त हॉलनं ते बसवलं, आणि किती सफाईनं ते बघा. जपानमधल्या एका बंदरगावात ‘दहा हजार आनंदांचं चहाघर’ आहे. मालक वुन ही नावाचा चिनी. तिथली मुख्य गेइशा ओ मिमोझा सान, म्हणजे टेम्पेस्ट. ‘टर्टल’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचा अधिकारी फेअरफॅक्स, म्हणजे कॉफिन, तिच्याकडे गाणी ऐकायला जातो. खरं तर मिमोझाचं प्रेम आहे कटाना नावाच्या जपानी सैनिकी अधिकाऱ्यावर आणि फेअरफॅक्सचं लग्न ठरलंय मॉली सीमोर या इंग्रज मुलीशी. मॉली म्हणजे लेटी लिंड. नौकाविहाराला आलेली लेडी कॉन्स्टन्स फेअरफॅक्सला मिमोझासोबत बघते आणि मॉलीला बोलावून घेते. तिकडे प्रांताचा अधिपती मार्क्विस इमारी मिमोझावर डोळा ठेवून आहे. ती वश होत नाही म्हणून तो चहाघर बंद करण्याचा आणि मुलींचा लिलाव करण्याचा हुकूम सोडतो.

आता मॉलीला वाटतं, आपल्या नवऱ्या मुलाला गेइशा आवडतात तर आपणही गेइशा होऊन बघावं. ती किमोनो चढवते, ‘रोली पोली सान’ असं नाव घेते. इथे हॉलचं कौशल्य आहे. गाणारी नायिका खरी गेइशा, नाचणारी नायिका खोटी गेइशा. एकीला गळा दाखवायला जागा, दुसरीला नाचायला आणि नक्कल करायला निमित्त. दोघी एकाच वेषात, एकाच संकटात; तरी कुणी कुणाच्या प्रकाशात येत नाही. मागच्या नाटकात जे ठिगळ होतं तेच इथे कथेचं मूळ कापड झालं.

पहिल्या अंकाच्या शेवटचा लिलाव हा या संगीतिकेचा सर्वांत कसबी भाग. मंचावर सगळे आहेत: खलाशी, इंग्रज बायका, गेइशा, पोलीस, घाबरलेला वुन ही, बोली लावायला टपलेला इमारी. मिमोझा विक्रीला उभी राहते. फेअरफॅक्स आणि त्याचे मित्र बोली लावू बघतात, पण नौदलातल्या तरुणांच्या खिशात किती असणार? शेवटी लेडी कॉन्स्टन्स पुढे होते आणि इमारीच्या वर बोली चढवून मिमोझाला सोडवते. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच पुढची मुलगी विक्रीला येते. इमारी चिडलेला आहे, त्याला आता कुणीतरी हवंच आहे, तो तिला विकत घेतो. ती निघते मॉली. थट्टेत घेतलेला वेष अंगाशी आला, हे मंचावरच्या इंग्रज मंडळींना कळतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. जोन्सनं हा सगळा प्रसंग सुटी गाणी न करता लांबलचक समूहसंगीतात बांधला. कोरस, एकल आवाज, पुन्हा कोरस, ताण वाढत जातो आणि पडदा पडतो. त्या काळच्या म्युझिकल कॉमेडीत इतका भरघोस अंकान्त सहसा नसे. सॅव्हॉयला जे ऐकून कान तयार झाले होते, त्यांनाही इथे काहीतरी मिळत होतं.

दुसरा अंक मार्क्विसच्या बागेत, शेवंतीच्या उत्सवात. मिमोझा ज्योतिषीण बनून येते, इमारीचं मॉलीशी लग्न लागायच्या वेळी बुरख्याआड नवरीची अदलाबदल करते आणि इमारीच्या गळ्यात पडते जुलिएट, चहाघरातली फ्रेंच दुभाषी, जिची आधीपासूनच त्याच्यावर नजर होती. मिमोझाला कटाना मिळतो, मॉलीला फेअरफॅक्स. कथा म्हणून या अंकात विशेष काही नाही. पण गाण्यांची रेलचेल इथेच.

सोनेरी मासोळी

या संगीतिकेतलं एकच गाणं ऐकायचं असेल तर मी पहिल्या अंकातलं ‘द अमरस गोल्डफिश’ सांगेन. मिमोझा ते फेअरफॅक्स आणि त्याच्या मित्रांना गोष्ट म्हणून ऐकवते. काचेच्या भांड्यातली एक सोनेरी मासोळी नौदलातल्या एका अधिकाऱ्यावर जीव लावते. तो रोज तिला बिस्किटाचा चुरा टाकतो. मासोळीला वाटतं, याचं आपल्यावर प्रेमच आहे. मग त्या अधिकाऱ्याची लाडकी कुणी दुसरीच आहे हे तिला दिसतं. गाण्याच्या शेवटी मासोळी जीव सोडते.

चाल खेळकर आहे. ऐकणारा हसत ऐकतो. आणि तरी बघा, ही गोष्ट कुणाची आहे? नौदलाचा अधिकारी, काचेत ठेवलेली शोभेची वस्तू, करमणुकीखातर टाकलेला चुरा, आणि त्याला प्रेम समजून बसणारी ती. आठ वर्षांनी, १९०४ मध्ये, इटालियन संगीतकार पुच्चिनीनं ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरामध्ये हीच गोष्ट माणसांची करून जगाला रडवलं. पुच्चिनीनं हे गाणं ऐकलं होतं असं मला सुचवायचं नाही. त्याच्यामागे वेगळी कथा आणि वेगळं नाटक होतं. सांगायचं ते हे, की हॉल आणि ग्रीनबँक यांना त्या गोष्टीतलं दुःख दिसलं होतं. त्यांनी ते मासोळीच्या वाट्याला दिलं आणि माणसांना सुखरूप घरी पाठवलं. टेम्पेस्टसारखी गायिका ते गात असेल तेव्हा हसता हसता थिएटर क्षणभर थबकत असणार. तिच्या आवाजाची ख्याती सुरेलपणासाठी होती तशीच शब्द नेमका पोचवण्यासाठीही होती, आणि हे गाणं शब्दाशब्दावर तोललेलं आहे.

बाकी गाण्यांची वाटणीही माणसं बघूनच. लेटी लिंडला ‘द इंटरफिअरिंग पॅरट’, एका लुडबुड्या पोपटाची गोष्ट: आवाजावर ताण नाही, अभिनयाला भरपूर वाव. खोट्या गेइशाच्या वेषात ‘चोन किना’, म्हणजे तिचा नाच. कॉफिनला ‘जॅक्स द बॉय’, खलाशांचा गौरव करणारं, छाती फुगवून म्हणायचं. हंटली राइट या विनोदी नटाला वुन हीच्या भूमिकेत ‘चिन चिन चायनामन’; त्याच्याकडे मी पुढे येतोच.

यांतली सगळी गाणी जोन्सची नाहीत. ‘जॅक्स द बॉय’ आणि मॉली-फेअरफॅक्सचं ‘द टॉय’ लायोनेल मंकटनची, मिमोझाचं ‘द ज्युवेल ऑफ एशिया’ जेम्स फिल्पचं. हे एडवर्ड्सचं नेहमीचं धोरण. मुख्य संगीतकार एक, पण दुसऱ्या कुणाकडे चांगलं गाणं असेल तर तेही आत. नाटक वर्षभर चाललं की काही गाणी काढायची, काही नवी घालायची, नवे पोशाख करायचे, म्हणजे एकदा येऊन गेलेला माणूस परत येतो. आपल्याकडेही नटाच्या गळ्यासाठी नाटकात पद वाढवल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. एडवर्ड्सनं मात्र त्याचा रोजचा कारभार केला. ७६० प्रयोगांच्या आकड्यामागे हेही आहे. पहिल्या रात्रीची ‘गेइशा’ आणि दोन वर्षांनंतरची ‘गेइशा’ अगदी एकच नव्हती.

जपानच का

जपानी वस्तूंची हौस लंडनला आधीपासून होती. जपानात घडणारी ‘द मिकाडो’ १८८५ मध्येच येऊन गेली होती. पण १८९६ मध्ये परिस्थिती पालटली होती. १८९४-९५ च्या युद्धात जपाननं चीनचा पराभव केला होता. त्याआधी, जुलै १८९४ मध्ये, ब्रिटननं जपानशी नवा करार करून आपल्या नागरिकांसाठी तिथे चालवलेली स्वतंत्र न्यायालयं सोडून द्यायचं कबूल केलं होतं; अंमलबजावणी १८९९ पासून व्हायची होती. म्हणजे लंडनचं सरकार कागदावर मान्य करत होतं की जपानी कायद्यापुढे इंग्रज माणूस उभा राहू शकतो. आणि डेलीज्‌च्या मंचावर जपानी कायदा म्हणजे एका विषयासक्त मार्क्विसची लहर, जिच्यात सापडून एक इंग्रज मुलगी विकली जाते. ज्या वर्षांत हे बघायला गर्दी होत होती त्याच वर्षांत तो करार अंमलात यायची तयारी चालू होती, हे ध्यानात घेतलं की लिलावाचा प्रसंग नुसता मौजेचा राहत नाही. प्रेक्षकांच्या मनातली एक धास्ती त्यात हसून बाहेर पडत होती.

आणि चहाघराचा मालक चिनी का? जपानी मुली सुंदर, जपानी अधिकारी शूर, आणि भित्रा, लोभी, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा विदूषक तो चिनी. युद्ध हरलेल्यावर हसणं सोपं असतं. हंटली राइटनं ती भूमिका इतकी रंगवली की ‘चिन चिन चायनामन’ रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी गेलं.

डेलीज्‌च्या बाहेर

सप्टेंबर १८९६ मध्ये ती न्यूयॉर्कला ऑगस्टिन डेलीच्या थिएटरात लागली. तेव्हा डेलीच्या मंडळीत नोकरीला असलेली एक तरुण मुलगी तिच्यात उभी राहत असे: इझाडोरा डंकन, जिनं पुढे नृत्याची दिशाच बदलली. आपल्याला त्या गाण्यांत उभं केलं जाई याची तिला मनस्वी चीड होती. पुढे तिनं डेलीची नोकरी सोडली.

१८९७ मध्ये बर्लिन आणि व्हिएन्ना, १८९८ मध्ये पॅरिस. जर्मन भाषेतली ‘गेइशा’ तर मूळ इंग्रजीइतकीच रुजली. एखादी इंग्रजी संगीतिका जर्मन थिएटरांनी इतकी आपली म्हणावी, असं तोवर क्वचितच घडलं होतं. ‘द मिकाडो’ हा तेवढा अपवाद. इटलीतल्या ऑपेरेटा मंडळ्यांनीही ती उचलली आणि लंडन तिला विसरल्यावरही बराच काळ खेळत राहिल्या. मला यात जोन्सच्या स्वररचनेचा हात दिसतो. हॉलचे इंग्रजी शेरे भाषांतरात बरेचसे वाहून जाणार. उरणार काय? चाली, समूहगीतं आणि तो लिलाव. डेलीज्‌च्या बाकी संगीतिकांपेक्षा ही परदेशात जास्त टिकली, कारण तिच्यात शब्दांवाचूनही उभं राहणारं संगीत जास्त होतं.

ती किती खोलवर गेली होती याचा सर्वांत बोलका पुरावा रशियन कथाकार आन्तोन चेखवच्या १८९९ च्या ‘कुत्रेवाली बाई’ या कथेत आहे. याल्टाला भेटलेल्या आन्ना सेर्गेयेव्हनाला विसरता न आल्यानं गूरोव तिच्या गावी जातो. भिंतीवर जाहिरात दिसते: ‘गेइशा’चा पहिला प्रयोग. ती येईलच या आशेनं तो थिएटरात शिरतो. गावचं थिएटर, झुंबराच्या वर धुकं, गॅलरीत गडबड, गव्हर्नरच्या खणात पुढे त्याची मुलगी आणि पडद्यामागे स्वतः गव्हर्नर, त्याचे फक्त हात दिसतायत. वाद्यवृंद वाद्यं लावत बसलाय, व्हायोलिनं सुमार. आणि तिसऱ्या रांगेत आन्ना येऊन बसते. चेखवला इथे प्रेक्षकांना ओळखीचं, नव्या करमणुकीची हौस असलेल्या कुठल्याही गावात लागू शकेल असं नाटक हवं होतं. त्यानं ‘गेइशा’ निवडली आणि वाचकाला ती काय हे समजावून सांगायची गरज त्याला वाटली नाही. लंडनच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. दुबळ्या वाद्यवृंदावरही ती निभत होती, हेही त्या प्रसंगातून कळतं.

आपल्याकडे या जातीच्या संगीतिकांची वाट मॉरिस बँडमन या नाट्यव्यवस्थापकानं पक्की केली. जिब्राल्टरपासून पूर्वेकडे थेट चीन-जपानपर्यंत त्याच्या मंडळ्या फिरत. गेटी आणि डेलीज्‌च्या म्युझिकल कॉमेडी हा त्याचा मुख्य माल, कलकत्ता हे मोठं ठाणं. मुंबईत त्यानं जहांगीर फ्रामजी कराका यांच्याबरोबर रॉयल ऑपेरा हाउस उभारलं. १९११ मध्ये, बांधकाम पुरं व्हायच्या आधीच, पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे त्याच मंचावर बालगंधर्व गायले. अनेक वर्षं बंद राहून २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा त्याच्या आठवणींत बालगंधर्व आले, पृथ्वीराज कपूर आले. ज्या करमणुकीसाठी ती वास्तू मुळात बांधली गेली, तिची आठवण तेवढी कमी निघाली. गिरगावातून जाताना त्या इमारतीकडे बघणाऱ्याला हा धागा माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं.

मग गेली कुठे

लंडनमध्ये आधी माणसं पांगली. त्याच चमूनं १८९८ मध्ये ‘अ ग्रीक स्लेव्ह’ केली. १८९९ च्या ‘सॅन टॉय’चं संगीत पुन्हा जोन्सचं, आणि तिनं ७६८ प्रयोग करून ‘गेइशा’लाही मागे टाकलं, या वेळी पार्श्वभूमी चीनची. ती चालू असतानाच, १९०० मध्ये, पोशाखातल्या विजारीच्या लांबीवरून टेम्पेस्ट आणि एडवर्ड्स यांचं बिनसलं. तिनं विजार कापून आखूड केली, त्यानं लांबच हवी म्हणून सांगितलं, ती निघून गेली ती संगीत रंगभूमीच सोडून. पुढे गद्य विनोदी नाटकांत तिनं फार मोठं नाव कमावलं. गोष्ट विजारीची म्हणून सांगितली जाते, पण अशा व्यवस्थेत माणूस दुखावला की भूमिका कशी पोरकी होते, ते तिच्यात स्वच्छ दिसतं.

१९०६ मध्ये आणि नंतर १९३१ मध्ये डेलीज्‌लाच ‘गेइशा’ पुन्हा उभी केली गेली. हौशी मंडळ्यांनी तर ती विसाव्या शतकात बराच काळ हातची सोडली नाही. पण मोठ्या थिएटरात तिला पुन्हा तशी मुळं धरता आली नाहीत. १९३७ मध्ये डेलीज् पाडलं गेलं आणि त्या जागी सिनेमागृह आलं.

आज कुणी ती करायला घेतली तर काय होईल? बरेच जण म्हणतात, वुन हीचं गाणं गाळा, चार संवाद बदला, काम झालं. मला हे पटत नाही. वुन ही वरून चिकटवलेला नाही. लिलाव त्याच्या चहाघराचा होतो, त्याच्या भीतीवर हशा पिकतो, दुसऱ्या अंकातही कथेची चाकं त्याच्या धांदलीवर फिरतात. शिवाय मुळातला प्रश्न गेइशा या पेशाचा. वर्षानुवर्षं गायन, वादन, नृत्य शिकून तयार झालेली कलावंत स्त्री इथे कुणीही बोली लावून उचलावी अशी वस्तू होते, आणि शेवटी ‘परदेशी सरदारापेक्षा आपला इंग्रज खलाशी बरा’ या सुरावर पडदा पडतो. १९०० मध्ये सादायाक्को, जी खरोखरच गेइशा म्हणून शिकून तयार झाली होती, पतीच्या मंडळीबरोबर लंडनला आणि मग पॅरिसला आली. तिचं नृत्य आणि मृत्यूचे प्रसंग बघून भलेभले थक्क झाले. तिच्या शेजारी किमोनो घालून मिरवणारी मॉली ठेवून बघितली की या संगीतिकेनं केवढी मोठी गोष्ट बघायची टाळली ते समजतं.

म्हणून ती मूळ रूपात मंचावर यावी असं मी म्हणणार नाही. पण संगीताचा न्याय वेगळा करावा लागतो. १९९८ मध्ये रोनाल्ड कॉर्पच्या संचालनाखाली हायपेरियन या कंपनीनं तिचं ध्वनिमुद्रण केलं; मिमोझा गायली लिलियन वॉटसन. ज्यांना बालगंधर्वांच्या काळातल्या पदांत शब्द आणि सूर एकमेकांना कसे धरून राहतात हे ऐकायची सवय आहे, त्यांनी त्यातली मासोळी जरूर ऐकावी, आणि त्यानंतर पहिल्या अंकाचा शेवट सलग ऐकावा. बँडमास्टरच्या मुलानं शंभर माणसांचा गलका स्वरांत कसा बसवलाय, ते कळायला इंग्रजीचीही फारशी गरज पडत नाही.